रद्दीत टाकण्यापूर्वी...

आमच्या डोंबिवली-कल्याणकडे जुन्या इमारती पुनर्विकासाला निघाल्या की आधी माळे रिकामे होतात. वह्या-पुस्तकांबरोबर मुलांनी जमवलेली क्रिकेटपटूंची कार्डेही रद्दीवाल्याकडे जातात.

या कार्डांचा इतिहास गमतीदार आहे. सिगारेटी दबू नयेत म्हणून पाकिटात पुठ्ठा घालत, पुढे त्यावर चित्रे आली. इंग्लंडच्या विल्सने १८९६ साली ५० क्रिकेटपटूंचा संच काढला. आपल्याकडे १९८७च्या रिलायन्स विश्वचषकाच्या सुमारास बिग फन बबलगमने पोरांना वेड लावले.

अमेरिकेत टॉप्स कंपनीने १९५२ची न खपलेली बेसबॉल कार्डे समुद्रात बुडवली, असे सांगतात. त्याच मालिकेतले मिकी मँटलचे एक कार्ड २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरना गेले! बाकीची नाहीशी झाली, म्हणूनच उरलेल्याला मोल आले.

आपल्या कार्डांना असा भाव येईल, असे मुळीच नाही. तरी मागची बाजू वाचावी, साल आणि कंपनी पाहावी, कोपरे तपासावेत. चिकटपट्टी किंवा लॅमिनेशन करू नये. आणि मुख्य म्हणजे, ज्याने ती जमवली त्याला आधी फोन करावा, मग तो ठाण्यात असो वा न्यू जर्सीत. पन्नाशीकडे झुकलेल्या त्या पोराचे बालपण आपण परस्पर किलोवर का घालावे?