वाढ्याची गव्हाण

आमचं गाव प्रवरेच्या काठचं. आजोबांच्या लहानपणी दावणीला ज्वारीचा कडबा आणि बांधावरचं गवत, एवढाच चारा असायचा. पुढं लोणीला शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. १९५०-५१च्या हंगामात त्याचं पहिलं गाळप झालं, आसपासच्या गावांत ऊस वाढला आणि गव्हाणीचं रूपही बदललं. ऊसतोडीच्या टोळ्या आल्या, की हिरवेगार वाढे मोळ्यांनी स्वस्तात मिळायचे. बहात्तरच्या दुष्काळात आमची चार जनावरं या वाढ्यांवरच तगली. तेव्हापासून आजोबांचा शब्द ठरलेला : "हिरवं खातंय जनावर, आजून काय पायजे?"

१९८७च्या हिवाळ्यात आमची संकरित गाय तिसऱ्या वेताला व्याली. कासंडी भरून चीक दिला. दुसऱ्या दिवशी पहाटे बघतो, तर ती गोठ्यात बसलेली, मान पोटाकडं वळवलेली, कान गारठलेले. उठवूनही उठेना. आजीनं मीठ-मिरच्या उतरवल्या. मग ती आईकडं वळली. "गायीच्या पोटाला कमी पडलं. कुणाचा हात आखडता होता, ते ठावं हाय मला."

आई काही बोलली नाही. दोन महिने तीच डोक्यावरून वाढ्यांच्या मोळ्या वाहत होती.

तालुक्याहून डॉक्टर आले. त्यांनी मानेच्या शिरेतून कॅल्शियमची बाटली हळूहळू सोडली. गायीच्या अंगावर थरथर उठली, तिनं ढेकर दिला, शेण टाकलं, आणि तासाभरात ती उभी राहिली. आम्ही पोरं बघतच राहिलो. डॉक्टर म्हणाले, "एकेकाळी या दुखण्यावर सडातून कासेत हवा भरायचे. रक्तातलं कॅल्शियम घटतं, हे १९२५च्या सुमारास स्कॉटलंडमधल्या संशोधकांनी मांडलं, तेव्हा ही बाटली आली."

"पण खायाला तर रग्गड होतं की," आजोबा म्हणाले.

"खाल्लेलं सगळं अंगी लागत नाही, बाबा. दहा लिटर चिकातून वीसेक ग्रॅम कॅल्शियम बाहेर जातं. गायीच्या सगळ्या रक्तात मिळून ते चार ग्रॅमसुद्धा नसतं. हाडांतून काढायला वेळ लागतो, तेवढ्यात गाय बसते. त्यात तुमची गव्हाण नुसत्या वाढ्यांची. वाढ्यांत ऑक्झॅलेट असतं. ते पोटात कॅल्शियमला धरून ठेवतं, आणि दोघं मिळून शेणावाटे जातात. भाताच्या पेंढ्याचंही तसंच. कोंड्यात स्फुरद भरपूर, पण त्याला कुलूप असतं. गायीच्या पोटातले जंतू ते उघडतात, कोंबडीला ते फारसं जमत नाही. कुठल्या चाऱ्यात काय आहे, एवढंच बघून भागत नाही. त्यातलं कुणाला किती मिळतं, तेही बघावं लागतं."

मग ते आजीला म्हणाले, "सूनबाईंनी चारा कमी घातला नाही, आजीबाई. उलट वाढेच जास्त झाले. थोडा कडबा, थोडा घास मिसळा, आणि वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडत जा. म्हणजे ऑक्झॅलेट त्या चुन्याला धरील, गायीच्या वाटचं सोडील."

चुना म्हटल्यावर आजीनं मान वर केली. पानाची चंची कायम तिच्या कमरेलाच असायची.

आता वाटतं, आजोबांचं तरी काय चुकलं? दुष्काळात वाढ्यांनीच जनावरं जगवली होती. पण जगवणारा चारा वेगळा आणि व्यालेल्या गायीला पुरणारा वेगळा. नवं पीक आलं, नवी गाय आली, दूध वाढलं. हिशेब मात्र आम्ही मोळ्यांचाच करत राहिलो, आणि तो चुकला तेव्हा बोल लागला आईला.

चुकलं, असं आजी आईला कधी म्हणाली नाही. पण पुढच्या बाजारी तिनं स्वतः चुना आणला, गोठ्यातल्या डेऱ्यात भिजवला, आणि सकाळी वर आलेलं नितळ पाणी आईच्या हातात दिलं. "घे," म्हणाली, "तू शिंपड. मी वाढे पसरते."