गेनची खुंटी : मोटारीतल्या खर्जाचा इतिहास

मोटारीच्या डिकीत, सबवूफरच्या खोक्याशेजारी, धातूची एक चपटी पेटी बसवलेली असते. तो अ‍ॅम्प्लिफायर. त्याच्या कडेला स्क्रूड्रायव्हरने फिरवायची एक बारीक खुंटी असते आणि तिच्याखाली ‘गेन’ असे छापलेले असते. पुष्कळ मालक तिला आवाजाची खुंटी समजून शेवटपर्यंत पिळतात. काही दिवसांनी सबवूफरमधून जळका वास येतो आणि दोष स्पीकरला दिला जातो. मुळात ती खुंटी आवाजाची नव्हेच. ती कशाची आणि ती तिथे आली कशी, हे समजून घेण्यासाठी १९३० पर्यंत मागे जावे लागते. (थ्रेड)

शिकागोचे पॉल गॅल्व्हिन घरगुती रेडिओला बॅटरीविना चालवणारी उपकरणे बनवत. घरोघरी थेट विजेवर चालणारे रेडिओ येऊ लागले आणि तो धंदा बुडू लागला. तेव्हा विल्यम लिअर आणि एल्मर वेव्हरिंग यांच्या साहाय्याने त्यांनी मोटारीत बसणारा रेडिओ तयार केला, तो स्वतःच्या स्टुडबेकर गाडीत बसवला आणि १९३० मध्ये रेडिओ उत्पादकांच्या अधिवेशनासाठी अटलांटिक सिटी गाठली. अधिवेशनात त्यांची जागा नव्हती. गाडी बाहेर उभी करून त्यांनी आवाज वाढवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना ऐकवले. या रेडिओला दिलेले ‘मोटोरोला’ हे नाव पुढे कंपनीचेच झाले. मोटारीतला आवाज आपल्या पहिल्या गाजलेल्या प्रदर्शनातच रस्त्यावरच्या लोकांसाठी वाजला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

त्या रेडिओपुढे दोन शत्रू होते. पहिला इंजिन. स्पार्क प्लगची प्रत्येक ठिणगी म्हणजे एक चिमुकले प्रक्षेपण केंद्रच. तिची खरखर दाबण्यासाठी प्लगला रोधक लावावे लागत, तारांना आवरण घालावे लागे. दुसरा शत्रू बॅटरी. गाडीची बॅटरी तेव्हा सहसा ६ व्होल्टची असे आणि रेडिओतल्या निर्वात नळ्यांना तर शेकडो व्होल्ट लागत. सुरुवातीला त्यासाठी वेगळ्या बॅटऱ्यांचा संच गाडीत ठेवावा लागे. नंतर ‘व्हायब्रेटर’ आला. थरथरणारी एक पोलादी पट्टी बॅटरीचा सलग प्रवाह सेकंदाला शंभराहून अधिक वेळा तोडायची; असा तुटक प्रवाह ट्रान्सफॉर्मरमधून चढवता येई. ही युक्ती पुढे पुन्हा भेटणार आहे.

याच सुमारास मॅसॅच्युसेट्स राज्यात आणि सेंट लुईस शहरात चालत्या मोटारीतल्या रेडिओवर बंदी घालण्याचे प्रस्ताव पुढे आले. चालकाचे लक्ष विचलित होईल, ही भीती होती. बंदी टिकली नाही, रेडिओ टिकला.

क्रायस्लरने फिल्को कंपनीकडून बनवून घेतलेला, पूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालणारा रेडिओ १९५६ च्या इम्पीरियल गाड्यांत १५० डॉलरना मिळू लागला. ट्रान्झिस्टरला शेकडो व्होल्ट नकोत, त्यामुळे व्हायब्रेटर निरुपयोगी ठरला. गाड्यांच्या बॅटऱ्याही याच दशकात १२ व्होल्टच्या झाल्या. सगळे सोपे झाल्यासारखे दिसले, पण या सोपेपणात एक कुंपण लपलेले होते.

ते कुंपण गणिताचे आहे. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४ व्होल्ट मिळतात. त्या मर्यादेत ४ ओहमच्या स्पीकरला एका वाहिनीवर फार तर वीस-पंचवीस वॅट स्वच्छपणे देता येतात. डॅशबोर्डातल्या स्टिरिओवर ‘५० वॅट × ४’ असे ठळक छापलेले असले, तरी तो आकडा क्षणिक शिखराचा. सलग संगीताचा नव्हे. निवेदकाचा आवाज, सतार, बासरी यांना वीस वॅट पुरेसे होतात. खर्जाला मात्र पुरत नाहीत. याला कारण आपला कान.

बेल प्रयोगशाळांतील हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये कानाच्या संवेदनशीलतेचे आलेख प्रसिद्ध केले. मंद आवाजात खालचे स्वर कानाला फारच क्षीण ऐकू येतात. १००० हर्ट्झच्या स्वराएवढे ठळक वाटण्यासाठी ५० हर्ट्झच्या स्वराला कितीतरी जास्त ध्वनिदाब लागतो, असे त्यांतून स्पष्ट झाले. त्यात मोटारीची भर अशी की, टायर आणि इंजिन यांची घरघरही नेमकी खालच्याच पट्ट्यात असते. घरी भरदार वाटणारे गाणे महामार्गावर पोकळ वाटते, कारण त्याचा खर्ज रस्त्याने गिळलेला असतो.

तो परत मिळवायचा तर वॅट हवेत. ३ डेसिबल वाढीला दुप्पट शक्ती लागते, १० डेसिबलला दहापट. सत्तरच्या दशकात यासाठी वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरची बाजारपेठ उभी राहिली. ॲरिझोनात जिम फॉसगेट यांनी १९७३ मध्ये सुरू केलेला उद्योग हे तिच्यातले ठळक नाव. १४ व्होल्टचे कुंपण ओलांडायला जुनीच युक्ती नव्या वेषात आली. बॅटरीचा प्रवाह ट्रान्झिस्टरने सेकंदाला हजारो वेळा तोडायचा, ट्रान्सफॉर्मरने चढवायचा आणि त्या वाढीव व्होल्टेजवर अ‍ॅम्प्लिफायर चालवायचा. निरुपयोगी ठरलेल्या व्हायब्रेटरचाच हा पुनर्जन्म होता.

गेनची खुंटी इथे जन्माला येते. स्टिरिओ एका कंपनीचा, अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या कंपनीचा. कोणता स्टिरिओ किती व्होल्टचा संकेत पाठवील, हे अ‍ॅम्प्लिफायर बनवणाऱ्याला ठाऊक नसते. एखाद्याचा संकेत अर्धा व्होल्ट, एखाद्याचा दोन, एखाद्याचा चार. म्हणून अ‍ॅम्प्लिफायरला विचारण्याची सोय ठेवली : समोरून जास्तीत जास्त किती व्होल्ट येणार आहेत? गेन हे त्या प्रश्नाचे उत्तर आहे. खुंटी एका टोकाला ४ किंवा ५ व्होल्ट म्हणते, दुसऱ्या टोकाला ०.२ व्होल्ट. ज्याला लोक ‘फुल’ समजतात ते हे दुसरे टोक. तिथे अ‍ॅम्प्लिफायर अशी समजूत करून घेतो की समोरचा स्टिरिओ अगदी दुबळा आहे, आणि इवल्याशा संकेतालाही आपली सगळी ताकद लावतो. त्यात ४ व्होल्टचा संकेत सोडला की अपेक्षेच्या वीसपट संकेत आत शिरतो.

मग लाटेचे माथे कापले जातात. अ‍ॅम्प्लिफायर आपल्या कमाल व्होल्टेजपलीकडे जाऊ शकत नाही. गोलाई असलेली लाट वरून-खालून सपाट होत चौकोनी बनू लागते. पूर्ण चौकोनी लाट त्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट शक्ती वाहते. ती जादा शक्ती स्पीकरच्या तांब्याच्या वेटोळ्यात उष्णता होऊन साठते. जळका वास येतो तो या वेटोळ्याच्या वार्निशाचा. दुर्दैव असे की खर्जाच्या पट्ट्यात ही विकृती कानाला चटकन कळत नाही. उलट ‘दणका वाढला’ असाच भास होतो.

जाणकार कारागीर म्हणून कानावर भरवसा ठेवत नाहीत, मल्टिमीटर काढतात. बास बूस्ट शून्यावर, इक्वलायझर सपाट, गेन किमान, सबवूफरची तार सोडवलेली. स्टिरिओचा आवाज तीन-चतुर्थांशावर ठेवून ५० हर्ट्झचा चाचणी-स्वर लावायचा. अ‍ॅम्प्लिफायर ४ ओहमला ३०० वॅटचा असेल, तर दोहोंचा गुणाकार १२००. त्याचे वर्गमूळ ३४.६. मीटरवर तेवढे व्होल्ट दिसेपर्यंत गेन हलके हलके वर न्यायचा आणि तिथेच थांबायचे. तंबोऱ्याची खुंटी जशी स्वर लागल्यावर सोडून देतात, तशीच हीदेखील. शेजारच्या ‘बास बूस्ट’ला मात्र हात न लावलेलाच बरा. ६ डेसिबलचा उठाव म्हणजे त्या पट्ट्यात चौपट शक्तीची मागणी. मीटर लावून मिळवलेली सगळी शिस्त त्या एका खुंटीने मोडते.

बाकीच्या खुंट्यांनाही आपापले पूर्वज आहेत. खोक्याचे शास्त्र एडगर विल्चर यांच्यापासून नव्याने सुरू झाले. १९५४ मध्ये त्यांनी हेन्री क्लॉस यांच्यासह काढलेल्या कंपनीच्या स्पीकरमध्ये बंद खोक्यातली हवाच स्प्रिंगचे काम करी, आणि लहान खोक्यातून खोल खर्ज निघे. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि सिडनी विद्यापीठात संशोधन करणाऱ्या रिचर्ड स्मॉल यांनी १९७२-७३ मध्ये स्पीकर व खोके यांचे नाते समीकरणांत बांधले. आज सबवूफरच्या डब्यावर छापलेले थील-स्मॉल आकडे ते हेच. भोक असलेल्या, म्हणजे पोर्टेड खोक्यात ठरावीक कंप्रतेच्या खाली हवेचा आधार सुटतो आणि पडदा मोकाट हेलकावे खाऊ लागतो; ‘सबसॉनिक’ फिल्टर असतो तो त्याला आवरण्यासाठी.

लो-पास फिल्टर बहुधा ८० हर्ट्झवर ठेवतात. घरगुती चित्रपटध्वनीसाठी टॉमलिन्सन होल्मन यांच्या टीएचएक्स प्रणालीनेही हीच सीमा घेतली. ८० हर्ट्झची लाट सव्वाचार मीटर लांबीची. तिच्याखालचा स्वर कोणत्या दिशेने आला हे कानाला नीट सांगता येत नाही. म्हणूनच डिकीतला खर्ज समोरून आल्यासारखा वाटू शकतो. अट एवढीच की दारांतले स्पीकर आणि सबवूफर सीमेवर एकमेकांशी जुळले पाहिजेत. ह्यूलेट-पॅकार्डमधील सीगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली यांनी १९७६ च्या सुमारास दिलेली क्रॉसओव्हरची रचना यासाठीच आजही वापरली जाते. एक पडदा पुढे येत असताना दुसरा मागे जात असेल, तर सीमेवरचे स्वर एकमेकांना खातात. ‘फेज ० / १८०’ ही खुंटी फिरवून ज्या बाजूला खर्ज भरीव वाटेल ती बाजू ठेवायची. इथे मात्र कानच श्रेष्ठ.

याउपर मोटारीची केबिन स्वतःच एक वाद्य आहे. ५० हर्ट्झची लाट जवळपास सात मीटरची, आणि केबिन तिच्या निम्म्याहूनही लहान. एवढ्या जागेत लाट नीट मावतच नाही. सबवूफर सगळ्या हवेला एकदम दाबतो आणि सोडतो. त्यामुळे सर्वांत खालचे स्वर बंद गाडीत फुकटात फुगतात. ज्या लहान खोक्याला दिवाणखान्यात खोल खर्ज काढता येत नाही, ते गाडीत छाती हादरवते.

केबिनच्या या गुणाचे ऐंशीच्या दशकात अमेरिकेत दोन वेगळे अर्थ लावले गेले. पहिला अमर बोस यांचा. बंगालमधून अमेरिकेत गेलेल्या स्वातंत्र्यसैनिकाचे हे पुत्र एमआयटीत प्राध्यापक होते. मोटारीत श्रोता कुठे बसणार, काच कुठे आणि गादी कुठे, हे सगळे आधीच ठाऊक असते. मग त्या एका गाडीसाठीच ध्वनी का जुळवू नये, हा त्यांचा विचार. जनरल मोटर्सच्या डेल्को विभागासह केलेली ही प्रणाली १९८३ च्या कॅडिलॅक सेव्हिलसारख्या गाड्यांत आली. आवाज आतल्यांसाठी, काचा बंद.

दुसरा अर्थ मायामीत लागला. रोलंडच्या टीआर-८०८ या ताल-यंत्राचे उत्पादन १९८० ते १९८३ एवढेच झाले, पण त्यातला बास ड्रम ५० हर्ट्झच्या आसपास दीर्घकाळ घुमवता येई. जमैकन साउंड सिस्टिमची परंपरा जवळ असलेल्या, कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत वाढलेल्या तरुणांनी त्या घुमण्यावर ‘मायामी बास’ उभा केला. ही गाणी गाडीच्या डिकीसाठीच रचलेली होती. एल’ट्रिम या दोन मुलींच्या जोडीचे १९८८ मधले ‘कार्स दॅट गो बूम’ तर दणका देणाऱ्या गाड्यांच्या कौतुकाचेच गाणे. येथे काचा उघड्या, आवाज चौकासाठी. गॅल्व्हिन यांनी अटलांटिक सिटीत जे विक्रीसाठी केले, ते या मुलांनी हौसेने केले.

शेजाऱ्यांची झोप मोडू लागली आणि कायदे आले. कॅलिफोर्नियाने ५० फुटांवर ऐकू येणारा आवाज दंडनीय ठरवला, फ्लोरिडाने २५ फुटांवर. फ्लोरिडाच्या कायद्यात एक सवलत होती : व्यापारी किंवा राजकीय कामाच्या वाहनांना तो लागू नव्हता. दंड झालेल्या एका वकिलाने त्याला आव्हान दिले. ‘स्पष्ट ऐकू येणे’ ही कसोटी संदिग्ध नाही, पण प्रचाराचा भोंगा चालतो आणि गाणे चालत नाही हा भेद अभिव्यक्तिस्वातंत्र्याविरुद्ध आहे, असे सांगत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कायदा रद्द केला. २०२२ मध्ये २५ फुटांची कसोटी पुन्हा लागू झाली.

अमेरिकी राज्यांनी फुटांत मोजलेला आवाज भारतात डेसिबलमध्ये मोजला जातो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, आणि मोजमाप ‘ए’ भारांकाने करायचे. महाराष्ट्रात मिरवणुकीतल्या ध्वनिभिंतींवरून दरवर्षी जो वाद होतो, त्यात हेच आकडे उद्धृत होतात. हा ‘ए’ भारांक फ्लेचर-मन्सन यांच्या मंद आवाजाच्या वक्रावरूनच घडला. मंद आवाजात कान जेवढा खर्ज सोडून देतो, जवळपास तेवढाच तो मापकही सोडून देतो. ५० हर्ट्झला ही सूट सुमारे ३० डेसिबलची आहे. एखाद्या खिडकीशी ५० हर्ट्झचा निव्वळ खर्ज ८५ डेसिबलने धडकत असला, तर मापकाच्या पडद्यावर ५५ उमटतात. तावदान मात्र थरथरत असते.