पेवाचं तोंड

बहात्तरचा दुष्काळ म्हटलं की आमच्या वयाचा माणूस उन्हाळ्याचंच सांगतो. भेगाळलेली रानं, खडी फोडणाऱ्या बाया, सुकडीसाठी लागलेली रांग. मला मात्र त्या दुष्काळातला हिवाळा आठवतो. जानेवारी १९७३, पौष महिना. मी अकरा वर्षांचा होतो. त्या थंडीत माझ्या तोंडून एक खोटं बोललं गेलं. ते आजवर मी कुठं लिहिलं नव्हतं. आता साठी ओलांडली, दादाही नाहीत अन् आत्याही नाही, म्हणून लिहितो.

आमचं गाव अंबड तालुक्यातलं. जालना तेव्हा जिल्हा नव्हता; आम्ही औरंगाबाद जिल्ह्यातले. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला तेव्हा परभणीचा परतूर तालुका आमच्याकडं आला. आत्याचं सासर त्या परतूरच्या अंगाला, दुधनेच्या काठी. आमच्या गावापासून पायी एका दिवसाची वाट.

१९७० पासून पाऊस दगा देतच होता. १९७२ ला तर त्यानं तोंडच फिरवलं. मृग कोरडा गेला, पोळ्याला बैलाच्या अंगावर झूल टाकायची लाज वाटावी अशी जनावरं झाली. रब्बीची ज्वारी पेरायला जमिनीत ओलच नव्हती. एरवी पौषात आमच्याकडं हुरड्याचे दिवस असतात. आगटीभोवती बसायचं, गरम कणसं तळहातावर चोळायची, गुळाचा खडा तोंडात टाकायचा. त्या साली आगटीही नाही अन् कणीसही नाही.

थंडी मात्र कडाक्याची. आभाळात ढगाचा ठिपका नाही, रानात हिरवं पान नाही, त्यामुळं दिवसाची ऊब रात्री टिकत नव्हती. त्यात जळणाचा दुष्काळ. लोकांना वाटतं दुष्काळ म्हणजे दाण्याचा अन् पाण्याचा. पण तूर नाही तर तुराट्या कुठल्या? कपाशी नाही तर पऱ्हाट्या कुठल्या? जनावरं बाजारात मातीमोल गेली, मग शेण नाही अन् गवऱ्याही नाहीत. चूल एकदाच पेटायची. आम्ही भावंडं एका वाकळीत, अंगाला अंग लावून झोपायचो. ज्यानं कड पकडली त्याची रात्र बसूनच जायची.

आता पेवाचं सांगतो, कारण आजच्या पोरांनी पेव पाहिलेलं नाही. काळ्या रानाच्या मातीला भेगा पडतात, म्हणून पेव गावठाणातल्या पांढरीत खोदायचं. तोंड एवढंच, की एक माणूस कसाबसा उतरावा. आत मात्र घागरीसारखं रुंद पोट, माणूस उभा राहिला तरी डोकं खालीच राहील एवढं खोल. आत जाळ करून भिंती कोरड्या करायच्या, तळाला अन् कडेला कडबा-भुसा लावायचा, ज्वारी भरायची, तोंडावर दगडी चीप ठेवून वरून मातीनं लिंपून घ्यायचं. दोन-तीन वर्षं ज्वारी टिकायची. दाणा आतली हवा खाऊन टाकतो, त्यामुळं किडा जगत नाही. माणूसही जगत नाही. म्हणून पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं. आधी कंदील सोडायचा. कंदील विझला तर थांबायचं. घाई करून उतरलेली माणसं पेवात गेल्याच्या गोष्टी गावोगावी आहेत.

आमचं पेव गोठ्यामागं होतं. दोन वर्षांपूर्वीची ज्वारी त्यात होती. किती, ते दादांनाच ठाऊक. घरात खाणारी नऊ तोंडं, बैलजोडी एकच उरलेली, पुढच्या मृगाला बी लागणार. वर ज्वारीची लेव्ही होती, म्हणजे सरकारला माप घालावं लागायचं. पेव आहे हे कळलं तर एकीकडून लेव्हीवाला येईल अन् दुसरीकडून सारं गाव येईल, ही दादांची धास्ती. म्हणून आम्ही घरचेही रेशनचा लाल मिलो खात होतो. परदेशातून आलेली ती ज्वारी. तिची भाकरी घशात अडायची. पेव भरलेलं असून आम्ही मिलो खात होतो, हे मी दादांच्या बाजूनं सांगतो. ते एकटे पोटभर खात नव्हते.

भोगीच्या दोन दिवस आधी, दिवेलागणीला आत्या आली. कडेवर आठ महिन्यांची पोरगी, डोक्यावरून पोत्याची खोळ. मामा मजुरीला मुंबईकडं गेलेले, दोन महिने पैसा नाही, निरोप नाही. आईनं मिलोची भाकरी अन् मिरचीचा खर्डा पुढं केला. आत्यानं पोरीला भाकरीचा पापुद्रा पाण्यात भिजवून भरवला. मग दादांना म्हणाली,

"दादा, दोन पायल्या ज्वारी दे. पोरीला मिलो पचत न्हाई. सुगीला फेडीन."

पायली म्हणजे चार शेर. दोन पायल्यांनी आमचं पेव रितं झालं नसतं. दादांनी खाली बघत सांगितलं, "बाई, पेव पोळ्यालाच रिकामं झालं. असतं तर तुला न्हाई म्हणलो असतो का?"

आई चुलीपुढून उठली अन् बाहेर गेली.

रात्री दादांनी मला गोठ्यात नेऊन बजावलं, "कुणी इचारलं तर पेव रिकामं हाय म्हणायचं. आत्यानं इचारलं तरी."

सकाळी आत्या निघाली. मी अंगणात उन्हाला उभा होतो. ती माझ्यापाशी आली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला अन् हळूच म्हणाली, "बाळा, पेव खरंच रिकामं हाय का रं?"

"हो आत्या, रिकामंच हाय."

"बरं," ती म्हणाली. पोरीच्या अंगावर पोतं नीट ओढलं अन् वाटेला लागली. आईनं फडक्यात चतकोर भाकरी बांधून दिली होती, तेवढीच. उद्यावर भोगी आलेली. तिळाची भाकरी अन् लेकुरवाळी भाजी खायचा सण, अन् माहेराला आलेली लेक सणाच्या तोंडावर रिकाम्या पदरानं परत गेली.

पौष संपता संपता निरोप आला की आत्याची पोरगी गेली. दोन दिवस छाती भरली होती, म्हणाले. दादा तसेच पायी गेले. परत आले तेव्हा एवढंच बोलले, "बाईनं माझ्याकडं बघितलं न्हाई."

चैत्रात पेव उघडावं लागलं. पेव चोरून उघडता येत नाही. त्या ज्वारीचा उबट वास चार घरं ओलांडून जातो. गावाला कळलं, गावावरून बाजाराला कळलं, अन् बाजारातून ते दुधनेकाठी गेलं. त्या दिवशी पहिल्यांदा पांढऱ्या ज्वारीची भाकरी झाली. आईनं ती खाल्ली नाही. तिनं पुढंही महिनाभर मिलोच खाल्ला.

आत्या जगली ती पाझर तलावाच्या कामावर. मोठ्या इतिहासात त्या कामांची नोंद आहे. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. राज्यभर खडी, रस्ते, नालाबांध, पाझर तलाव अशी कामं काढली. मे १९७३ मध्ये त्यांवर रोज पन्नास लाखांच्या आसपास माणसं राबत होती. पुढं अमर्त्य सेन अन् ज्याँ द्रेझ यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांनी लिहिलं, की एवढं पीक बुडूनही महाराष्ट्रात जुन्या काळासारखी माणसं पटापटा मेली नाहीत, ती या कामांमुळं. ते खरंच आहे. याच अनुभवातून वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीचा कायदा झाला. १९७७ ला मंजूर होऊन २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पुढं २००५ ला साऱ्या देशाचा तसा कायदा आला.

मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस, कायद्यातलं मला फार कळत नाही. पण माझ्यापुरता त्या कायद्याचा अर्थ मी लावला आहे. काम मागणं हा हक्क झाला. उपाशी बाईला भावाच्या दारात उभं राहून "दोन पायल्या दे" म्हणायची पाळी येऊ नये, भावाच्या लेकराला खोटं बोलायची पाळी येऊ नये, यासाठी तो कायदा. आमच्याकडं कीर्तनात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा लागते. दुर्गादेवीच्या दुष्काळात त्यांनी बादशहाची कोठारं लोकांसाठी खुली केली, असं सांगतात. त्या कथेला दादा कधी बसले नाहीत. उठून जायचे.

१९७३ ला पाऊस बरा झाला. सुगी होताच दादांनी गाडीत चार पोती ज्वारी घालून दुधनेकाठी पाठवली. भरलेली गाडी तशीच माघारी आली. गाडीवानानं सांगितलं, बाईनं बैलांना पाणी पाजलं, मला जेवू घातलं, पोत्याला हात लावला नाही. पुढं पंधरा वर्षं भाऊबीजेला आमच्या घरी पाट मांडला जायचा अन् तसाच उचलला जायचा. दादांनी पेव मातीनं बुजवून टाकलं. भोगीला मात्र दोन पायल्या मोजून बाजूला काढायचे अन् दारात जो येईल त्याला द्यायचे. कुणी विचारलं नाही अन् त्यांनी सांगितलंही नाही.

१९८८ च्या पौषात दादांचा दमा विकोपाला गेला. रात्रभर बसून श्वास ओढायचे. एकदा म्हणाले, "बाईला सांगावा धाड." मी एसटीनं गेलो. तोवर दोन्ही गावं एका जिल्ह्यात आलेली, घरं मात्र दोन टोकांना.

आत्या अंगणात ज्वारी पाखडत होती. केस पांढरे झालेले. मला ओळखलं, बस म्हणाली. दादांचं सांगण्याआधी माझं सांगायला हवं असं मला वाटलं. म्हणालो, "आत्या, तवा मी खोटं बोललो. पेव भरलेलं होतं."

तिचं सूप थांबलं नाही. "मला ठावं व्हतं. गोठ्यामागं गेले तवा पेवाच्या तोंडावर ओली लिपण दिसली. रिकामं पेव कुणी लिंपतं का?"

"मग मला इचारलंस कामून?"

"म्हणलं, लेकरू तरी खरं बोलन."

या वाक्याचं ओझं मी आजवर वाहतो आहे. तिनं ते रागानं म्हटलं नव्हतं, म्हणून जास्तच.

ती आली. दुसऱ्याच दिवशी, माझ्याबरोबर, अंगावर घोंगडी घेऊन. दादा बाजेवर बसलेले. तिला पाहून हात जोडायला गेले तर तिनं ते धरले अन् खाली केले. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग दादाच म्हणाले, "बाई, पोरगी माझ्यामुळं गेली."

"न्हाई," आत्या म्हणाली. "ती थंडीनं गेली. त्या साली कैक लेकरं गेली. दोन पायल्यांनी ती वाचली असती का, ते देवाला ठावं. ती तुझ्या माथी मी मारत न्हाई. पण तू मला न्हाई म्हणलास, ते तुझंच. ते मी इसरले न्हाई अन् इसरनार बी न्हाई."

थोड्या वेळानं म्हणाली, "आता पोटात घातलं म्या."

मग चुलीपुढं बसून तिनं स्वतः भाकरी थापली. आमच्या ज्वारीची. कुस्करून दुधात कालवली अन् दादांना चारली, उरलेली त्याच ताटात बसून स्वतः खाल्ली. फाल्गुनात दादा गेले. पुढं आत्या दरसाल भोगीला यायची, जाताना दोन पायल्या ज्वारी हक्कानं मागून न्यायची. तिच्या घरी ज्वारीला तोटा नव्हता.

माफी हा शब्द आमच्या खेड्यात कर्जाला लागतो. २००८ ला झाली, २०१७ ला झाली, त्यानंतरही झाली. सातबारावरचा बोजा उतरला की काम संपलं. माणसाच्या चुकीला आम्ही माफ केली म्हणत नाही, पोटात घातली म्हणतो. घातलेली चीज पोटातच राहते, नाहीशी होत नाही. आत्यानं हे आम्हाला तोंडावर सांगितलं, अन् तरी आमच्या ताटात जेवली.

२०१२ चा दुष्काळ आला तेव्हा रेशनला धान्य होतं, पाणी नव्हतं. आमची मोसंबी उभी जळाली. त्या हिवाळ्यात आमच्या बोअरला दिवसाकाठी तासभर पाणी यायचं. एका सकाळी शेजारची सून कळशी घेऊन दारात आली अन् माझ्या नातवाला तिनं विचारलं, "बोअरला पाणी हाय का रं?" पोरगं माझ्या तोंडाकडं बघायला लागलं.

मी म्हणालो, "जे हाय ते सांग."

"हाय," तो म्हणाला.