प्राय (इंग्रजी क्रियापद)

रोमन लिपीत पी, आर, वाय या तीन अक्षरांनी लिहिले जाणारे इंग्रजी क्रियापद. दुसऱ्याच्या खासगी गोष्टींत डोकावणे आणि तरफेच्या जोराने उचकटणे, असे त्याचे दोन अर्थ आहेत. उच्चार आणि लेखन एकच असले, तरी व्युत्पत्तीने हे दोन वेगळे शब्द असून मोठे कोश त्यांची स्वतंत्र नोंद करतात.

डोकावण्याचा अर्थ जुना आहे. मध्ययुगीन इंग्रजीत, इ.स. १३००च्या सुमारास, ‘निरखून पाहणे’ या अर्थाने हे क्रियापद आढळते. त्यामागचे मूळ निश्चित नाही. पुढे त्याला आगाऊ कुतूहलाची छटा आली आणि नसत्या चौकशा करणे, खोदून खोदून विचारणे हा अर्थ रूढ झाला. जॉन पूल यांच्या ‘पॉल प्राय’ या सुखात्मिकेचा प्रयोग १८२५मध्ये लंडनच्या हेमार्केट रंगभूमीवर झाला. तिच्यातील भोचक नायकाचे नाव इंग्रजीत अशा स्वभावाच्या माणसासाठी वापरले जाऊ लागले.

उचकटण्याचा अर्थ ‘प्राइज’ या शब्दातून आला. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ‘पकड’ असा होता. इंग्रजीत तो तरफेसाठी व तिच्या वापरासाठी आला. त्याच्या शेवटचा ‘ज’ हा प्रत्ययच आहे अशा समजुतीने तो गळाला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘प्राय’ हे रूप प्रचारात आले. वाटाण्याच्या ‘पीज’ या जुन्या नावाचे ‘पी’ झाले ते याच प्रक्रियेने. अमेरिकेत ‘प्राय’ अधिक चालतो, तर ब्रिटनमध्ये ‘प्राइज’ टिकून आहे. पहारीचे टोक फटीत घालून, जवळच्या टेकूवर ती दाबून खोक्याचे झाकण उघडणे, ही या अर्थाची नेमकी क्रिया होय.

वाक्यरचनेवरून अर्थ ओळखता येतो. डोकावण्याच्या अर्थी क्रियापद अकर्मक असते आणि त्यापुढे ‘इंटू’ हे शब्दयोगी अव्यय येते. उचकटण्याच्या अर्थी ते सकर्मक असून जोडीला ‘ओपन’, ‘ऑफ’, ‘लूज’ असे शब्द येतात. एखाद्याच्या तोंडून गुपित काढून घेणे हा प्रयोग चौकशीचा वाटला, तरी तो उचकटण्याच्या अर्थाचाच लाक्षणिक विस्तार आहे : तेथे गुपित हे कर्म असते आणि ते प्रयासाने बाहेर काढले जाते. मराठीत पहिल्या अर्थासाठी डोकावणे, नाक खुपसणे, भोचकपणा करणे आणि दुसऱ्यासाठी उचकटणे हे शब्द योग्य ठरतात.