बाद

खेळात चुकलेल्या गड्यासाठी मराठीत तीन शब्द आहेत. बाद, फाऊल आणि रडी. तिन्हींचे वजन वेगळे.

खो-खोत पळणाऱ्याला पाठलाग करणाऱ्याचा हात लागला की तो बाद. यात अपराध काही नाही, पाय कमी पडले एवढेच. पाठलाग करणारा मात्र धरलेली दिशा सोडून मागे फिरला किंवा त्याने मधली पाटी ओलांडली, तर पंच फाऊल देतात. तो बाद होत नाही. उलट दिशेला जाऊन त्याला चूक निस्तरावी लागते. फाऊल करून कोणाला शिवले, तर तो गडी बाद धरत नाहीत. आणि हात लागूनही ‘लागलाच नाही’ म्हणून जो हटून बसतो, त्याचा तो रडीचा डाव. हा शिक्का पंच मारत नाहीत, पोरेच मारतात.

यातला ‘बाद’ मला अधिक जवळचा. वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या शिरपूर जैनला घरात ‘उस के बाद’ म्हटले की बाद म्हणजे नंतर; मैदानावर बाद म्हणजे बाहेर. शब्द एकच, मूळचा अरबी. फारसी दफ्तरांच्या वाटेने तो मराठीत आला. हिशेबातून रक्कम बाद करतात, नाणे चलनातून बाद होते. वजाबाकीतले ‘वजा’ आणि ‘बाकी’ हेही त्याचेच सोबती. शिवकाळात राज्यव्यवहारकोश रचून अशा शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. विसाव्या शतकात भाषाशुद्धीची चळवळ झाली. तरी बाद आपल्या जागी राहिला.

१९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोला नियमांत बांधायला घेतले. क्रिकेट त्याआधीच आले होते. आकाशवाणीवरच्या मराठी समालोचनाने, त्यात बाळ ज. पंडितांचा आवाज मोठा, त्या परदेशी खेळाची मराठी घरोघरी पोचवली. झेलबाद, धावबाद हे शब्द रुळले. झेल मराठी, बाद अरबी. पण सांधा कुठे दिसतो?

शब्दांची जात तपासण्याची टूम अधूनमधून निघतेच. मग मराठीत कविता लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला विचारतात, ‘तुमची खरी भाषा कोणती?’ मी म्हणतो, कोणत्याही गावातल्या मैदानाच्या कडेला पाच मिनिटे उभे राहा. पोरे ‘बाद, बाद’ ओरडत असतात आणि कोणीही मुळाची चौकशी करत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी तो जिंकला. तिथेही बाद झालेले गडी बाजूला बसले आणि पुढची पाळी आली तेव्हा पुन्हा मैदानात उतरले. खेळात बाद झालेल्याचे नाव कायमचे कटत नाही. त्याची पाळी नंतर येते. घरातला आणि मैदानावरचा अर्थ इथे एक होतो.