१५८.३ पैकी किती?

अमेरिकन फुटबॉलमध्ये पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचं रेटिंग शंभरपैकी नसतं, १५८.३ पैकी असतं! डॉन स्मिथ यांच्या समितीने बनवलेला हा फॉर्म्युला एनएफएलने १९७३ साली घेतला. आधी खेळाडूंचे नुसते क्रमांक लावायचे, म्हणजे तुमचं यश दुसऱ्यांच्या खेळावर अवलंबून. स्मिथनी फुटपट्टीच पक्की केली. झेलले गेलेले पास, प्रत्येक पासमागे यार्ड, टचडाउन, इंटरसेप्शन, असे चार भाग. त्या काळच्या सरासरी खेळाला प्रत्येकी १, कमाल २.३७५.

गंमत बघा, सगळे पास जमिनीवर आपटले तरी ३९.६ मिळतात, कारण इंटरसेप्शन शून्य! आणि फेकण्याआधीच पाडला गेला तर काहीच कापत नाहीत.

खरी गोची आहे ती त्या 'सरासरी'त. तेव्हा निम्मे पास झेलले गेले की सरासरी, रेटिंग ६६.७. पुढे १९७८ साली बचाव करणाऱ्यांवर बंधनं आली, पासिंग सोपं झालं. आता निम्म्यावर अडकणारा बाकावर बसतो. फॉर्म्युल्यातले आकडे मात्र तेच, आम्ही ज्याला हार्डकोडिंग म्हणतो ते! म्हणून टेरी ब्रॅडशॉचं कारकिर्दीतलं ७०.९ आज अगदीच सुमार दिसतं. गड्याने चार सुपर बोल जिंकलेत.