कोनेसिन

पांढऱ्या कुड्याच्या (संस्कृत : कुटज, होलॅऱ्हिना अँटिडिसेंटेरिका) सालीतील व बियांतील प्रमुख अल्कलॉइड. रेणूत कार्बनचे २४, हायड्रोजनचे ४० व नायट्रोजनचे २ अणू, सांगाडा स्टेरॉइडचा. चव कडूजहर.

शोध : मुंबईत हेन्स यांनी १८५८ मध्ये सालीतून वेगळे केले. स्टेनहाउस यांनी १८६४ मध्ये बियांतून तेच मिळवले, पण नाव ‘राइटिन’ दिले. राइटिया ही काळ्या कुड्याची प्रजाती असल्याने दोन झाडांचा घोळ रसायनशास्त्रातही शिरला.

साल व तिची पारख : कुडा कोकणच्या पानझडी रानात मुबलक आहे. पावसाळ्यात त्याच्या कोवळ्या शेंगा उकडून, कडू पाणी टाकून भाजी करतात. काळ्या कुड्याच्या जोडशेंगा टोकाला जुळलेल्या असतात, पांढऱ्याच्या सुट्या. मात्र साल सोलून वाळवली की ही खूण हातची जाते. पांढऱ्याचे बी (इंद्रजव) कडू, काळ्याचे गोडे. त्यामुळे जुने जाणकार आधी बी चाखून पाहत. काळ्याच्या सालीच्या भेसळीचा हा प्रश्न औषधगुणाच्या चर्चेत उगाच मागे पडतो.

पनवेल : कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ मध्ये येथे स्थापन केलेल्या श्रीधूतपापेश्वर कारखान्याच्या उत्पादनांत या सालीचे कुटजारिष्ट आहे. पाठानुसार साल व गूळ समभाग, मनुका निम्म्या. शिवण व मोहाची फुले त्याहून पुष्कळ कमी. काढा चौथाई उरेपर्यंत आटवतात. मग गूळ व धायटीची फुले घालून आंबवतात. हे मिश्रण आहे. शुद्ध कोनेसिनचे निष्कर्ष त्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

परिणाम : चरकसंहितेत कुटजाची साल संग्राहक (मळ बांधणाऱ्या) द्रव्यांत अग्रगण्य मानली आहे. आवेवरचे तेव्हाचे औषध एमेटिन हृदयाला बाधक ठरत असल्याने १९२० नंतर कलकत्त्यात चोप्रा प्रभृतींनी अमीबाजन्य आवेवर सालीतील अल्कलॉइडे तपासली. कुर्ची-बिस्मथ-आयोडाइड (कुर्ची म्हणजे कुडा) काही काळ वापरात होते. शुद्ध कोनेसिनने निद्रानाश, चक्कर व मानसिक अस्वस्थता होत असल्याच्या नोंदी आहेत. मेट्रोनिडॅझोल हे औषध आल्यावर कोनेसिनचा वापर मागे पडला. मेंदूतील हिस्टामिनच्या एच-३ ग्राहीला कोनेसिन रोखते, असे २००८ मध्ये दिसले. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या स्यूडोमोनास जंतूंवरील त्याचे काम प्रयोगशाळेपुरतेच आहे.

मात्रा : वैद्याच्या सल्ल्यानेच.